गोळीला कडूपणाच न्हाय

लग्न होऊन मी कोल्हापूरला आले तेव्हा राजारामपुरीत माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली घरमालकांचं गोदाम आणि त्याला लागून एका मुसलमान कुटुंबाचं घर. घरातले गृहस्थ शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि त्यांच्या बायकोला सगळी गल्ली भाभी म्हणायची. आमचे हे उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर कामाला होते. सकाळी डबा घेऊन सायकलवरून जायचे ते दिवेलागणीला परत. आणीबाणीच्या आसपासची ती वर्षं.

माझं माहेर पुण्याकडचं. त्यामुळे पहिले काही महिने इथल्या बायकांचं बोलणं ऐकून मला हसू यायचं. बाईमाणूस असून 'मी आलो', 'मी बाजाराला गेलतो' असं म्हणायच्या. सासूला आत्या म्हणायचं, नणंदेला वन्सं म्हणायचं, इथलं 'खरं' म्हणजे 'पण', हे मी शिकून घेतलं. पण 'मी येतो' म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही.

आत्या कुरुंदवाडला माझ्या थोरल्या दिरांकडे असायच्या. हाडापेरानं मोठ्या, उंच, आणि आवाज असा की नदीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडचा माणूस थांबावा. लग्नात त्यांनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं आणि "बारीक हाय, खरं चालंल" असं म्हणाल्या होत्या. त्यानंतर आमचं फारसं बोलणं झालं नव्हतं. मला त्यांची भीती वाटायची.

पाऊस सरत आला होता. एके दिवशी दीर त्यांना एसटीनं आमच्याकडे घेऊन आले. आत्या जिना चढताना मधेच बसल्या, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे काहीतरी वेगळं आहे. एवढी मोठी बाई नुसतं कपड्यांचं गाठोडं झाली होती.

"हिवतापानं धरलंय," दीर म्हणाले. "एक दिवस बरी असती. दुसऱ्या दिवशी दुपार झाली की हुडहुडी भरती. तितं काय गुण येईना. तुमच्याकडं डॉक्टर चांगलं हाईत."

आणि जाताना ह्यांना बाजूला घेऊन हसत म्हणाले, "गोळ्या मात्र ध्यान ठेवून द्या. म्हशीचं ठावं हाय न्हवं?"

म्हशीचं सगळ्या घराला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी आत्यांचे गुडघे धरले होते आणि डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या होत्या. आत्या रोज "व्हय, घेतली" म्हणत आणि गोळी म्हशीच्या आंबोणात टाकत. एकदा म्हशीनं आंबोण अर्धवट सोडलं आणि तळाशी गोळी सापडली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी सांगायचं, की गोळ्यांनी म्हशीचे सांधे कसे छान झाले. आत्याही त्या हसण्यात सामील व्हायच्या. पुढे हा विनोद त्यांच्याच अंगावर येईल, असं तेव्हा कुणाला वाटलं असणार?

आमच्या रांगेतच चार घरं सोडून डॉक्टरांचा दवाखाना होता. मध्यम वयाचे, कमी बोलणारे, पेशंटचा हात हातात घेऊन बसणारे. त्यांनी आत्यांना तपासलं आणि म्हणाले, "मलेरियाच आहे. यंदा घरटी एक आहे. गोळ्या नीट घेतल्या की दोन-तीन दिवसांत ताप सुटेल, आजी." त्यांनी चिठ्ठी दिली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ह्यांनी गोळ्या आणल्या. त्या वेळी अशा गोळ्या मोठ्या बरणीतून सुट्या काढून कागदाच्या पुडीत बांधून देत. पांढऱ्या, गोल, दिसायला अगदी स्वच्छ.

आत्यांनी अट घातली. "मी खातो गोळ्या. खरं सुनंच्या हातनं. ह्यो लेक माझा नुसता वरडतो."

मी गोळी आणि गुळाचा खडा घेऊन त्यांच्यासमोर बसायची. त्या गोळी जिभेवर ठेवायच्या, तांब्यातून पाणी ओतून घ्यायच्या, गिळायच्या. त्यांचा घसा खालीवर होताना मी बघायची. म्हशीची गोष्ट माझ्याही कानात होतीच. पण मला कधी शंका आली नाही. गोळी घेऊन झाल्यावर त्या तोंड उघडून मलाच दाखवायच्या आणि गुळासाठी हात पुढे करायच्या.

ताप मात्र सुटला नाही. एक दिवस आत्या उठून बसल्या, भाकरी मागितली, माझी कणीक सैल होते म्हणून मला बोलल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा थंडी. घरातल्या होत्या तेवढ्या वाकळा मी त्यांच्या अंगावर टाकल्या. तरी खाट भिंतीवर आपटत राहिली. दातांचा आवाज खाली भाभींना ऐकू जात असेल. काही सुचेना म्हणून मी त्यांच्या अंगावर आडवी पडून वाकळा दाबून धरायला गेले, तर त्यांनी त्या अवस्थेत मला हातानं ढकललं.

"अंगावर पडू नगंस. बाजूला बस. पाय दाब नुसतं."

मला वाईट वाटलं. मला वाटलं, अजून आपण यांना परक्याच आहोत.

डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी नाडी पाहिली, पोट चाचपलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन ह्यांना हळूच म्हणाले, "गोळ्या पोटात गेल्या असत्या तर ताप उतरायला हवा होता. आजी घेतात ना खरंच?"

म्हशीची गोष्ट ह्यांनीच डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर हसले, पण त्यांनी होकारार्थी मान हलवली. झालं. तिथून पुढे घरात एकच प्रश्न राहिला, गोळ्या गेल्या कुठं?

वन्सं शाहूपुरीत राहायच्या. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. आईची गादी उलटी केली, उशीचा अभ्रा काढला, पाण्याचा तांब्या उपडा करून पाहिला, खाटेखाली हात घातला. काहीच सापडलं नाही. पण न सापडणं हाच पुरावा ठरला. "खिडकीतनं टाकत असंल," वन्सं म्हणाल्या. आत्या खाटेवरून हे सगळं बघत होत्या.

"अगं, खाल्ल्या की गं मी," त्या म्हणाल्या. "देवाची आण. सगळ्या खाल्ल्या."

"आई, तू गुडघ्याच्या गोळ्यांच्या येळंलाबी असंच म्हणायचीस."

 आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं. इतक्या मोठ्या आवाजाची बाई गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्याच संध्याकाळी हे जेवताना मला म्हणाले, "तू समोर उभी राहून देत होतीस ना?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तुला दिवसभर काम असतं. एखाद्या वेळी विसरली असशील तर सांग. मी रागावणार नाही."

रागावून विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. हे इतकं मऊ बोलल्यावर काय उत्तर द्यायचं? मी ताट उचललं आणि मोरीत जाऊन भांडी घासत बसले. आतून आत्यांचा आवाज आला. "तिला कशापायी बोलतोस? तिनं दिल्यात, मी खाल्ल्यात. दोघी खोटं बोलतोय व्हय आम्ही?"

ह्यांना आमचं दोघींचंही खरं वाटत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

डॉक्टरांनी पुन्हा सगळा डोस लिहून दिला. या वेळी ह्यांनी कारखान्यात सांगून सकाळी उशिरा जायचं ठरवलं. त्याच दुकानातून गोळ्या आल्या. हे खाटेपाशी उभे राहिले, आईच्या हातात गोळी दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "आता आ कर."

आत्यांनी तोंड उघडलं.

"जीभ वर कर."

त्यांनी जीभ वर केली. आईच्या तोंडात वाकून बघताना ह्यांचे कान लाल झाले होते. त्यांनाही ते आवडत नव्हतं. आत्यांनी मात्र शाळेतल्या मुलीसारखं सगळं निमूट केलं. गोळी पोटात गेली होती, यात आता कुणालाच शंका नव्हती. गुळाचा खडा मी पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"गूळ कशाला?" त्या म्हणाल्या. "ह्या गोळीला कडूपणाच न्हाय."

"तापानं तोंडाची चव जाते आई," हे म्हणाले आणि सायकल काढून गेले.

तेही बरोबरच होतं. तापात तोंड बेचव होतं, हे कुणाला माहीत नाही? डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. आत्यांनी ते वाक्य नंतर दोन-तीनदा म्हटलं असेल, ह्यांच्याजवळ, वन्संजवळ. प्रत्येकानं हेच उत्तर दिलं.

ताप परत आला. त्या दिवशीची थंडी सगळ्यात वाईट होती. ती ओसरल्यावर घाम सुटला, मी त्यांचं अंग पुसून लुगडं बदललं आणि त्या डोळे मिटून पडून राहिल्या. दुपार होती. गल्लीत कुणी नव्हतं. खालून मशीनचं चाक फिरवून पाहिल्याचा आवाज तेवढा यायचा. मला वाटलं झोपल्या. पण त्या बोलू लागल्या.

"आम्ही ल्हान हुतो तवा कुरुंदवाडात लई हिवताप यायचा. नदीचं पाणी वसरलं की घरोघर माणसं पडायची. तवा कोयनेल द्यायचं. तुला म्हाईत न्हाय कोयनेल. जिभंला लागलं की डोस्क्यापातूर कळ जायाची. माझा धाकटा भाऊ थुंकायचा. मग आई भाकरीत घालून द्यायची, तरीबी त्यो वळखायचा. ताप असू दे न्हायतर नसू दे. कडू ते कडूच." त्या थांबल्या. "तापात गोडाचं कळत न्हाय, मिठाचं कळत न्हाय. कडू कळतंय, पोरी."

मी उठले आणि फळीवरची पुडी घेतली. तिच्यात गोळ्या शिल्लक होत्या. मी एक गोळी तोंडाशी नेली, तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं. इतकी अशक्त बाई, पण पकड अशी की मला हात हलवता येईना.

"तू न्हाय चाखायची. तुझ्या पोटात हाय."

मी तशीच उभी राहिले. हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. माझीच खात्री झाली नव्हती.

"सकाळी मोरीत नळ सोडून उलट्या काढतीस. नळाच्या आवाजात लपतंय व्हय ते?" आत्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला अंगावर पडू दिलं न्हाय. माझं हे धूड असं हिसडं देतंय, तुला कुटं लागलं म्हंजे?"

मी खाटेच्या कडेवर बसले आणि मला रडू आलं. आत्यांनी माझं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "रड, रड. न्हायतर कवा रडणार? खरं त्या गोळीचं काय तरी बगाय पायजे. खालनं भाभीला हाक मार."

भाभी आल्या. त्यांची शाळेत जाणारी मुलगी महिन्यापूर्वी हिवतापानं आजारी पडली होती आणि आता बरी होऊन शाळेत जात होती. तिला सरकारी मलेरियावाल्यानं गोळ्या दिल्या होत्या. तो घरोघर येऊन बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. आमच्याकडे येऊन गेला तेव्हा आत्या अजून कुरुंदवाडलाच होत्या.

"कडू हुत्या व्हय गं तुझ्या पोरीच्या गोळ्या?" आत्यांनी विचारलं.

"या अल्ला! कडू? पोरीनं घर डोक्यावर घेतलंतं. तिचे अब्बा हात धरायचे, मी नाक धरायचे."

आत्यांनी आमच्या पुडीतली गोळी पुढे केली. भाभींनी ती हातात घेतली, जिभेनं चाटली, मग दातानं तोडली आणि चघळत उभ्या राहिल्या. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"ह्याला काय चवच न्हाय," त्या म्हणाल्या. "खडू खाल्ल्यासारखं वाटतंय." मग काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "थांबा, आमच्या डबीत मलेरियावाल्याची एखादी गोळी उरली असंल." त्या धाडधाड जिना उतरल्या आणि तशाच वर आल्या. दिसायला दोन्ही गोळ्या सारख्याच होत्या. भाभींनी ती दुसरी गोळी मोठ्या विश्वासानं तोडली.

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. डोळे गच्च मिटले, खांदे वर गेले, आणि त्या मोरीकडे धावल्या. त्या चुळा भरत होत्या, थुंकत होत्या, आम्हा दोघींना शिव्या देत होत्या, आणि खाटेवर आत्या हसत होत्या. पोट धरून हसत होत्या. मीही हसले. भाभी पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या आणि त्याही हसायला लागल्या.

मग आत्यांचं हसणं हळूहळू थांबलं. "मग मी इतकं दिस काय खात हुतो गं?" त्या म्हणाल्या.

भाभी आणि मी तडक डॉक्टरांच्या घरी गेलो. दवाखाना दुपारी बंद असायचा, ते वरच राहायचे. मी पुडी त्यांच्यासमोर धरली आणि सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तापात कसं असतं..."

"तोंडाला चव नसती," भाभींनी वाक्य पुरं केलं. "खरं मला ताप न्हाय, डॉक्टर."

डॉक्टरांनी गोळी घेतली, अर्धी तोडली, चावली. आम्ही बघत होतो. त्यांनी दुसरी घेतली, तीही चावली. मग ते तिथल्या बाकावर बसले. स्वतःशीच म्हणाले, "ही मी किती जणांना लिहून दिलीय." चपला घालून ते आमच्याबरोबरच निघाले.

आत्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून त्यांनी नेहमीसारखा त्यांचा हात हातात घेतला. "आजी, तुमचं खरं होतं. मी ऐकायला हवं होतं."

"तुमी काय गोळी केली व्हय?" आत्या म्हणाल्या. "तुमास्नी काय ठावं? खरं एक काम करा. माझ्या सुनंला ह्या घरात बोल लागला. त्यो तुमच्या तोंडानं पुसून जावा."

डॉक्टर संध्याकाळी, हे कामावरून आल्यावर, पुन्हा आले. सरकारी दवाखान्यातून त्यांनी स्वतः चांगल्या गोळ्या मिळवून आणल्या होत्या. ह्यांना समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या मिसेसनी एकही गोळी चुकवली नव्हती. आजींनीही नाही." ह्यांनी मान खाली घातली. डॉक्टर गेल्यावरही ते तसेच बसून होते.

आत्यांनी पहिली खरी गोळी माझ्या हातून घेतली. जिभेवर ठेवताच त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. "हां!" त्या ओरडल्या. कित्येक दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज घरात घुमला. "ही गोळी! ह्याला म्हंत्यात गोळी! आण गूळ."

हे उठून आईच्या पायाशी येऊन बसले.  आत्यांनीच त्यांच्या डोक्यावर टपली मारली. "गप ऱ्हा. तू पोलीस झालास ते बरंच झालं. तू जीभ वर कराय लावून बगितलं नसतंस तर अजून ह्या पोरीवर आळ असता. आता हिला काय पायजे, काय नको ते बगत जा. तुझं प्वार हाय तिच्या पोटात."

असं ते ह्यांना कळलं. मी लाजून आत पळाले, आणि आतूनच ऐकलं की हे एकदम रडायला लागले.

ताप एकदा हलकासा येऊन गेला आणि मग सुटला. दरम्यान डॉक्टर आणि हे दुकानात गेले होते. दुकानदार आधी चिडला, मग डॉक्टरांनी त्यालाच गोळी चावायला लावली. एक माणूस मोटारसायकलवरून गोळ्या द्यायला यायचा, असं तो म्हणाला. बाजारात या गोळ्यांची टंचाई होती आणि त्याच्याकडे माल असायचा. कागदपत्रं होती, शिक्के होते. कुठल्या दुकानदारानं कधी गोळी चाखून घेतलीय? त्यानं बरणी त्या दोघांसमोर रिकामी केली. तक्रार दिली गेली. कुणीतरी तपासणीला येऊन गोळ्या बांधून घेऊन गेलं. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मोटारसायकलवाला त्या दुकानात पुन्हा आला नाही. दुसऱ्या कुठल्या गावी गेला असेल, असं डॉक्टर म्हणायचे.

डॉक्टर मात्र बरेच दिवस संध्याकाळी पायी फिरत होते. ज्यांना ज्यांना गोळ्या लिहून दिल्याचं आठवत होतं, त्यांच्या दारी जाऊन विचारत होते. त्यातले बहुतेक बरे होते. कुणी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं होतं, कुणाचा ताप आपोआप ओसरला होता.

आत्यांना चालता यायला लागल्यावर त्यांनी नवंच काम काढलं. सकाळी ऊन खायला म्हणून त्या जिना उतरायच्या आणि कोपऱ्यावरच्या त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायच्या. गिऱ्हाईक आलं की विचारायच्या, "काय पावणं, हिवतापाची गोळी न्हेताय? चाटून बगा. कडू लागली तर न्ह्या." दुकानदार बिचारा हात जोडायचा. "आत्याबाई, आता चांगल्या हाईत हो गोळ्या, माझा धंदा बुडवताय काय?" आत्या म्हणायच्या, "चांगल्या हाईत न्हवं? मग चाटल्यानं काय झिजत्यात व्हय?" तोही शेवटी हसायचा. त्यानं त्यांच्यासाठी एक पोतं अंथरून ठेवायला सुरुवात केली. मी वरून खिडकीतून बघायची. त्यांचा आवाज इथवर ऐकू यायचा.

एके दिवशी तो आवाज मधेच थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना म्हणून मी खाली गेले. पायरीवर आत्यांच्या शेजारी एक बाई बसली होती. तरुणच, माझ्याहून फार मोठी नसेल. कपाळ मोकळं. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. ती मुरगूडची होती आणि राजारामपुरीत बहिणीकडे आली होती. बहिणीच्या मुलासाठी औषध न्यायला दुकानात आली, तर आत्यांचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं.

"आमच्या मालकास्नी पण हिवताप हुता," ती अगदी सावकाश सांगत होती. "बाजारातनं गोळ्या आणल्या. ते म्हणालं हुतं, गोळीला चव न्हाय म्हणून. आमी म्हटलं, तापात कुठली चव. ताप डोस्क्यात गेला. मोठ्या दवाखान्यात न्हेईपर्यंत..." ती थांबली. मग आत्यांकडे बघून तिनं विचारलं, "त्या गोळ्यापण अशाच असतील काय हो, आत्या?"

  त्या गोळ्या कुठून आल्या होत्या, खऱ्या होत्या की खोट्या, की तो तापच वाईट जातीचा होता, हे आता कसं कळणार? मला वाटलं आत्या काहीतरी समजुतीचं बोलतील. नाही बोलल्या. त्यांनी त्या बाईच्या हातातली बाटली काढून माझ्याकडे दिली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि दुकानाच्या पायरीवर तशाच बसून राहिल्या. गिऱ्हाइकं बाजूनं जात-येत होती. दुकानदार काउंटरमागे खाली मान घालून उभा होता.

मग आत्या म्हणाल्या, "चल, जेवून जा."

ती नको नको म्हणत होती. आत्यांनी तिला उठवलं, एक हात तिच्या खांद्यावर आणि एक माझ्या खांद्यावर टाकला आणि आम्ही तिघी वर आलो. मी भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. ती बाई आधी घासाशी नुसती खेळत होती, मग हळूहळू जेवली. नवऱ्याबद्दल बोलली. तो उसाच्या गाड्या हाकायचा, बैलांशी बोलायचा, तिच्याशी कमी. सांगताना एकदा हसलीही. गोळ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना आत्यांनी तिची ओटी भरायला मला तांदूळ आणायला सांगितलं. विधवेची ओटी भरतात का, असं माझ्या मनात आलं, पण मी आणून दिले. आत्यांनी तिच्या पदरात मूठ मूठ तांदूळ घातले आणि म्हणाल्या, "म्हायेर समजून येत जा."

दुसऱ्या दिवसापासून आत्या दुकानाच्या पायरीवर गेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "झालं की सांगून. किती वरडायचं?"

माझं बाळंतपण होईपर्यंत त्या आमच्याकडेच राहिल्या. कणीक घट्ट भिजवायला मला त्यांनीच शिकवलं. मुलगी झाली. बारशाला कुरुंदवाडहून सगळे आले, वन्सं आल्या, भाभींनी बाळाला टोपरं शिवून दिलं. मुरगूडची बाईही आली होती, पाटीभर शेंगा घेऊन. आत्यांनी तिला पाळण्याजवळ बसवलं आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. वन्सं काही बोलायच्या बेतात होत्या. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या गप्प बसल्या.

पुढची बरीच वर्षं, सुगी झाली की आत्या कुरुंदवाडहून कोल्हापूरला यायच्या, एक दिवस आमच्याकडे राहायच्या आणि मुरगूडची एसटी पकडायच्या. एकदा मी मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. त्या बाईनं एवढ्यात म्हैस घेतली होती. आम्ही तिच्या सोप्यात बसलो. त्या दोघी वैरणीबद्दल, पाण्याबद्दल, कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल बोलत राहिल्या. माझी मुलगी तिच्या मांडीवर झोपून गेली होती. परतीच्या गाडीची वेळ झाली, तरी ती बाई तिला उठवू देईना. म्हणाली, "झोपू दे की. मागनं अजून एक गाडी हाय."

आत्या पायातल्या चपला काढून पुन्हा बसल्या.